गोवळकोंड्याच्या तटावरील चित्रे

इ. स. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस गेले, तेव्हा ते नगर शृंगारले होते. रस्तोरस्ती कुंकुमकेशराचे सडे, गुढ्या, तोरणे, आरत्या ओवाळणाऱ्या स्त्रिया, असे त्या दिवसाचे वर्णन सभासदाने बखरीत केले आहे. तहाची बोलणी पुढे व्हायची होती. पण पाहुण्याला काय सांगायचे ते नगराने आपल्या रंगांनी व दिव्यांनी अगोदरच सांगून टाकले होते.

आज त्याच नगराजवळच्या गोवळकोंडा किल्ल्यात सायंकाळी दिवे लागतात ते पाहुण्याच्या स्वागतासाठी नव्हे, तर वास्तूकडून तिचीच कथा वदवून घेण्यासाठी. ही कल्पना फ्रान्समधली. शांबोरच्या राजवाड्यावर पॉल रोबेर-उदँ याने १९५२ मध्ये ध्वनी व प्रकाश यांचा पहिला खेळ केला. एका विख्यात जादूगाराचा हा नातू, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात असा खेळ १९६५ मध्ये सुरू झाला आणि गोवळकोंड्यात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. तेथे अमिताभ बच्चन यांच्या आवाजात निवेदन होई आणि रंगीत झोत एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर सरके. घोड्यांच्या टापा ऐकू येत. घोडे मात्र प्रेक्षकाला आपल्या मनातच उभे करावे लागत.

जानेवारी २०२४ मध्ये या खेळाला नवे रूप मिळाले. आता भिंतीवर चित्रेच उमटतात. अशा कामात वास्तूचे कोनाडे, कमानी, पुढे आलेले दगड यांची मोजमापे आधी संगणकात उतरवतात व चित्र त्या उंचसखलपणाला जुळेल असे घडवून प्रक्षेपकातून टाकतात. त्यामुळे निश्चल तट हलल्याचा, ढासळल्याचा भास होतो. कौशल्य निर्विवाद आहे. मात्र अडचणही येथेच उद्भवते. शब्दांत ‘असे म्हणतात’ एवढे जोडून दंतकथा वेगळी ठेवता येते. चित्रात ती सोय नाही. तारामती नर्तकी दोरांवरून नाचत राजवाड्यापर्यंत येई, ही लोककथा आहे. १६८७ चा वेढा हा इतिहास आहे. प्रकाश दोहोंवर सारखाच पडतो.

आणि तो वेढा कोणत्याही कल्पित कथेपेक्षा उणा नाही. औरंगजेबाच्या तोफांना सुमारे आठ महिने हा किल्ला बधला नाही. अखेर अब्दुल्लाखान पन्नीने फितुरीने दार उघडले. अब्दुर रझाक लारी मोजक्या सोबत्यांनिशी मोगलांवर तुटून पडला. अंगावर असंख्य जखमा झेलूनही तो वाचला, आणि त्याच्यावर उपचार करविले ते खुद्द औरंगजेबाने.

किल्ला पडला तेव्हा गादीवर होता तो महाराजांचे स्वागत करणारा अबुल हसनच. त्याला दौलताबादेस नेऊन चिनी महालात कैदेत ठेवले. त्याचे पूर्वज गोवळकोंड्याजवळच्या भव्य घुमटांखाली विसावले आहेत. त्याची स्वतःची कबर मात्र तेथे नाही. ती आपल्या मराठवाड्यात, खुलताबादेस आहे.