पित्ताशयशूल आणि वायगोळा

पित्ताशयातील खडा नळीच्या तोंडाशी अडकल्याने उठणारे दुखणे म्हणजे पित्ताशयशूल. आतड्यात वायू कोंडल्याने येणारी कळ म्हणजे वायगोळा. दोन्ही बहुधा जेवणानंतर उठतात, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यात भाषेचाही घोटाळा आहे. मराठीत ‘पित्त झाले’ म्हणजे आम्लपित्त आणि ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावरच्या गांधी. पित्ताशयाशी या दोहोंचा संबंध नसतो. त्यामुळे खड्याच्या दुखण्यावरही आधी ओवा, हिंग किंवा सोडा घेतला जातो.

कारण : पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते साठवते व दाट करते, त्यात सु. ३० ते ५० मिलि. पित्त मावते. तेलतुपाचे अन्न लहान आतड्यात पोचले की पित्ताशय आकुंचन पावते. वाट खड्याने अडलेली असल्यास आतला दाब वाढून दुखू लागते. गिरगाव-दादरचे वडे-भजी किंवा लग्नाचे जेवण झाल्यावर, पुष्कळदा रात्री, दुखणे सुरू होते ते यामुळे.

लक्षणभेद : पित्ताशयशूल बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली होतो, तो उजव्या खांद्याकडे वा पाठीत जातो. चढत जाऊन अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत ठाण मांडतो. ढेकर दिल्याने किंवा कूस बदलल्याने उतरत नाही. मळमळ, उलटी होते. वायगोळ्याची कळ जागा बदलते, पोट फुगते, गुरगुरते आणि वायू सरला की हलके वाटते.

धोक्याची चिन्हे : थंडी वाजून ताप, पिवळे डोळे किंवा सहा तासांहून अधिक टिकलेले दुखणे असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. वरच्या पोटात किंवा छातीत दाब, घाम व धाप असल्यास तो हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. ईसीजी आधी काढावा.

निदान व उपचार : बहुतेक खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, उपाशीपोटी केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. मात्र अनेकांचे खडे जन्मभर गप्प राहतात. खडा सापडला म्हणजे गॅसचे कारण सापडले असे नव्हे. शस्त्रक्रियेनंतरही गॅसचा त्रास राहू शकतो. वारंवार शूल उठत असल्यास दुर्बिणीने पित्ताशय काढतात. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात केली.