शिक्का आणि पत

टपालाच्या पाकिटावर दोन खुणा असतात. पाठवणाऱ्याचे नाव तो स्वतः लिहितो. शिक्का मात्र टपाल कचेरी मारते. ई-मेलचा इतिहास बराचसा या फरकाभोवती फिरतो, असे आम्हांला वाटते.

ई-मेल वाहून नेण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा जाळ्यावरच्या बहुतेक संस्था परस्परांच्या ओळखीच्या होत्या, म्हणून पाठवणाऱ्याचे नाव तपासण्याची सोय त्यांत ठेवली नव्हती. वास्तविक १९७८ मध्येच गॅरी थ्युर्क यांनी सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली होती. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले. पुढच्या काही वर्षांत अशा पत्रांचा जगभर पूर आला.

मग शिक्का कोणता पाहावा? पत्र आणून देणाऱ्या सर्व्हरचा अंकी पत्ता. तो खोटा देणे अवघड, कारण घेणारा सर्व्हर त्याच पत्त्यावर उत्तरे धाडतो. ती पोचली नाहीत तर संभाषणच खुंटते. १९९७ साली पॉल विक्सी व डेव्ह रँड यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी सुरू केली. पण एका सर्व्हरवर अनेक ग्राहक असत आणि एकाच्या खोडीची शिक्षा साऱ्यांना होई.

म्हणून नावही तपासण्याच्या रीती आल्या. २००६ च्या रीतीत संस्था आपल्या अधिकृत सर्व्हरांची यादी जाहीर करते. २००७ च्या रीतीत पत्रावर गुप्त किल्लीने सही होते. तपासणीत नापास पत्राचे काय करावे, हे २०१५ च्या रीतीत संस्थाच सांगते. २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या.

मात्र ओळख पटली म्हणजे पत आली असे नाही. २०२३ साली उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. समजा, तिथल्या एखाद्या शाळेने ई-मेलचा पत्ताही नव्या नावावर नेला. शाळा तीच, शिक्षक तेच. चाळणीला मात्र ते नाव कालच जन्मलेले. पहिल्याच दिवशी हजार पालकांना परीक्षेचे वेळापत्रक धाडले, तर ते रद्दीच्या कप्प्यात जाण्याचा संभव असतो. आधी थोडी पत्रे जावीत, ती वाचली जावीत, तक्रारी येऊ नयेत. मग पत बसते.

याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथला माल भडोच बंदराला जाई. अनोळखी गाडीवानाच्या हाती माल देताना व्यापारी काय काय विचारीत असेल? विद्यार्थ्यांना यादी करू द्या आणि ती वरील उपायांशी ताडून पाहा.