जपानची शांततावादी अस्मिता आणि सुरक्षा धोरण

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानमध्ये 'शांततावादी राष्ट्र' ही आत्मप्रतिमा रुजली. देशाचे सैन्यबळ, शस्त्रनीती व शेजारी राष्ट्रांशी असलेले संबंध यांवर तिचा दीर्घकाळ प्रभाव राहिला आहे. राष्ट्रीय अस्मिता सुरक्षा धोरणाला कसे वळण देते, याचे उदाहरण म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात जपानचा वारंवार उल्लेख होतो.

कलम ९ व स्वसंरक्षण दल

३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या जपानी राज्यघटनेच्या कलम ९ नुसार जपानने युद्धाचा सार्वभौम हक्क कायमचा सोडला असून भूदल, नौदल वा हवाई दल न बाळगण्याचे मान्य केले आहे. घटनेचा मसुदा जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या मुख्यालयात तयार झाला होता. विजेत्यांनी पुढे केलेले हे कलम बहुसंख्य जपानी जनतेने मात्र आपले मानले. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बहल्ल्यांची स्मृती त्यामागे होती. १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरील अमेरिकी चाचणीच्या किरणोत्सारी राखेत जपानी मासेमारी नौका सापडल्यावर अण्वस्त्रविरोधी चळवळ देशभर पसरली.

कोरियन युद्ध सुरू होताच १९५० मध्ये ७५,००० जवानांचे राखीव पोलीस दल उभारण्यात आले. त्यातूनच १९५४ मध्ये स्वसंरक्षण दल आकारास आले. 'सैन्य' हा शब्द कटाक्षाने टाळला गेला. सुरुवातीच्या काळात रणगाड्यांनाही 'विशेष वाहने' म्हणत. पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी संरक्षणाचा भार अमेरिकेवर सोपवून आर्थिक उभारणीला प्राधान्य दिले. १९६७ मध्ये पंतप्रधान एइसाकू सातो यांनी अण्वस्त्रे न बाळगणे, न बनवणे व देशात येऊ न देणे ही तीन तत्त्वे मांडली. १९७६ मध्ये संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का इतकी मर्यादा घालण्यात आली.

अभ्यासकांमधील मतभेद

पीटर कात्झेनस्टाइन व थॉमस बर्गर या अभ्यासकांच्या मते जपानचा संयम केवळ शक्तीच्या हिशेबातून उलगडत नाही. लष्कराविषयी समाजात मुरलेला अविश्वास त्यामागे आहे. वास्तववादी अभ्यासक याला स्वस्तातला सौदा म्हणतात: अमेरिकी छत्र उपलब्ध असताना स्वतः खर्च करण्याचे कारणच नव्हते. हा आक्षेप सहज झटकता येत नाही. तरीही १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचा दबाव असूनही जपानने लढाऊ पथके पाठवली नाहीत, सुमारे १३ अब्ज डॉलर मात्र दिले. युद्धानंतर कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत दिलेल्या आभाराच्या जाहिरातीत जपानचे नाव नव्हते. हा अपमान टोकियोत खोलवर लागला व १९९२ मध्ये शांतिसेनेत सहभागाचा कायदा झाला.

युद्धस्मृती व शेजारी राष्ट्रे

जपानी शांततावाद प्रामुख्याने स्वतः भोगलेल्या विनाशाच्या आठवणीवर उभा आहे. चीन व कोरियाच्या स्मरणात मात्र १९३७ चे नानजिंग हत्याकांड आणि १९१० ते १९४५ ची वसाहतवादी राजवट आहे. त्यामुळे टोकियोत बचावात्मक मानले जाणारे पाऊल बीजिंग व सोल येथे जुन्या लष्करशाहीची चाहूल ठरते. याचे केंद्र म्हणजे टोकियोतील यासुकुनी हे शिंतो देवस्थान. १९७८ मध्ये तेथे 'अ' वर्गातील १४ युद्धगुन्हेगारांचा युद्धमृतांमध्ये समावेश झाला आणि पंतप्रधानांची तेथील भेट हा राजनैतिक तंट्याचा विषय बनला. टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचे स्मारकही याच आवारात आहे. पाल यांचा आक्षेप खटल्याच्या कायदेशीर पायावर होता, जपानी अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते, हे तेथे बहुधा विसरले जाते. १९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी वसाहतवाद व आक्रमणाबद्दल माफी मागितली. तथापि २०१२ मध्ये जपान सरकारने सेनकाकू बेटांपैकी तीन बेटे खाजगी मालकाकडून विकत घेताच चीनमधील अनेक शहरांत जपानविरोधी निदर्शने उसळली.

धोरणातील बदल

शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये कलम ९ चा नवा अर्थ लावून मित्रराष्ट्रावरील हल्ल्याच्या वेळी मर्यादित बळवापर ग्राह्य धरला. २०१५ मध्ये त्याचे कायदे झाले, तेव्हा संसदेबाहेर मोठी निदर्शने झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने शत्रूच्या तळांवर प्रतिहल्ल्याची क्षमता मिळवण्याचे व २०२७ पर्यंत संरक्षणखर्च २ टक्क्यांवर नेण्याचे धोरण स्वीकारले. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत व त्यानंतर सार्वमत आवश्यक असल्याने कलम ९ चा मजकूर मात्र तसाच आहे.