पांढरी कुणाच्या हातची?

सगळं घर आतून एकाच पांढऱ्या रंगात रंगवायची रीत टीव्हीवर दिसते आणि आपल्याला वाटतं, ही शहराची नवी टूम. पण आपल्याकडे जुनी माणसं दोन शब्द बोलतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदपत्रांतही हेच शब्द आहेत.

गावठाणाची माती पांढरी झाली कशी? पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख साठली, त्यावरच पुन्हा घरं उठली. जुन्या वस्त्यांचा शोध घेणारे संशोधक आजही पांढरीचं टेकाड दिसलं की तिथं थांबतात. माळवदावर पांढरी माती, भिंतीही पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. ऐपत असली तर चुना.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, म्हणून डोळे जपायचे. निवला की गाळायचा, त्यात थोडा डिंक, थोडी नीळ. भिंतीवर लागलेला चुना हवेतला कार्बन वायू घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. ताज्या चुन्यात बुरशी तग धरत नाही. शिवाय माळवदाच्या घराला खिडक्या कमी. झरोक्यातून येणारा उजेड नि रात्री चिमणीचा उजेड पांढऱ्या भिंतीवरून घरभर पसरायचा. पांढरा रंग हौसेचा नव्हता, गरजेचा होता.

आणि हे काम बायकांचं. घट बसायच्या आधी दसरा काढायचा, माती कालवायची, भिंती पोतारायच्या. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर असं, की घर पांढरं करावं आणि सण झाला की कुलूप लावून कारखान्याची वाट धरावी. उन्हाळ्यात परत यावं तर भिंतींचे पोपडे निघालेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत किल्लारीचा भूकंप झाला. जड माळवदं नि दगड-मातीच्या भिंती कोसळून हजारो माणसं गेली. माळवदाची धास्ती बसली. सिमेंट आलं, पत्रे आले, डब्यातला रंग आला. पोतारणं मागं पडलं.

काळीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव क्वचितच होतं. पण जी पांढरी आपण हातानं राखली, तिच्या कागदावर तरी होतं का? तेही नव्हतं. २००३ मध्ये शासनानं ‘घर दोघांचे’ म्हणत ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं.

तेव्हा बायांनो, यंदा दसरा काढाल तेव्हा भिंतीला हवा तो रंग द्या. पण त्याआधी गटातल्या चौघी मिळून ग्रामपंचायतीत जा आणि नमुना आठचा उतारा मागा. घरावर आपलं नाव आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नसेल तर तिथंच अर्ज द्या.