गोखले पूल : साडेसातपर्यंत

3 जुलै 2018, मंगळवार.

पहाटे 4. पावसाची संततधार. मुंबईतल्या आमच्या खारदांड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. याच दिवसांत होडीचा तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. उसनवारी करावी लागली तरी हे काम कुणी पुढच्या वर्षावर ढकलत नाही. पुलांचं मात्र तसं नाही. आमचं स्टेशन खार रोड, तिथून तिसरं अंधेरी. तिथला गोखले पूल 1975चा.

5.00. लोकल सुरू झाल्यात. पुलाचा पादचारी मार्ग मुख्य पुलाच्या अंगाला लोखंडी ब्रॅकेटांवर बाहेर काढलेला आहे. ब्रॅकेट गंजलेत. वर वर्षानुवर्षं केबल पडत गेल्या, त्यांवर रेती, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक. चालणाऱ्याला दिसते ती नीट बसवलेली फरशी. गंज आणि वाढलेलं वजन, रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे हीच कारणं आली.

6.00. पुलाचं पोट पाहायचं तर गाड्या थांबवायच्या आणि ओव्हरहेड वायरमधला 25,000 व्होल्टचा प्रवाह बंद करायचा. रात्रीचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात. त्यासाठी माणसं लागतात, पैसा लागतो. इथे देखभाल रेल्वेची, पैसे महापालिकेचे. ज्याने पाहायचं त्याची तिजोरी नाही आणि ज्याची तिजोरी तो खाली उतरत नाही. माझ्या मते पूल इथेच खचला.

7.00. शाळेची, कामाची माणसं पुलावर.

7.30च्या सुमारास पादचारी मार्ग रुळांवर कोसळला. वायरी तुटल्या. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी समोरचं दृश्य पाहून आपत्कालीन ब्रेक लावला आणि भरलेली लोकल ढिगाऱ्याच्या अलीकडे थांबली. पाच जण जखमी झाले. पुढे त्यांतले दोघे दगावले. तासाभराने, ऐन गर्दीत हे घडलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही धस्स होतं.

8.00. पश्चिम रेल्वे ठप्प. डबेवाल्यांनी त्या दिवशी डबे पोचवले नाहीत. ढिगारा उचलला जात असतानाच पूल कुणाचा यावर वाद जुंपला. महापौर म्हणाले, जबाबदारी रेल्वेची.

मग 445 पुलांच्या तपासणीची घोषणा झाली. आठ महिन्यांनी, 14 मार्च 2019च्या संध्याकाळी, सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला आणि सात जीव गेले. त्या पुलाचं ऑडिट आधीच झालं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरे, असा शेरा होता. म्हणून नुसती घोषणा पुरत नाही: तपासणीला वेगळा, कुणालाही वळवता न येणारा निधी हवा आणि पोटाखाली उतरून पाहणाऱ्याची तारखेसह सही हवी, ती पुलावरच लावलेली.

गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022ला धोकादायक म्हणून बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024मध्ये उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती. दोन्ही बाजू सुरू व्हायला मे 2025 उजाडला.