कुशीचा खडा

पाऊस लांबला की शेतकरी हवालदिल होतो, निकालाच्या आदल्या रात्री आईबाप हवालदिल होतात. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो बाहेरचा वाटतच नाही. अरबी ‘हौल’ म्हणजे धास्ती, फारसी ‘दिल’ म्हणजे काळीज. काळजात धास्ती भरलेला तो हवालदिल. याच जोडीतून उत्तर हिंदुस्थानात आणखी एक शब्द निघाला, ‘हौलदिली’. मोगल अमदानीत छातीची धडधड शमावी म्हणून गळ्यात, काळजाला टेकेल अशी, जेडची चपटी चकती घालत. तिच्यावर बहुधा कुराणातली वचने कोरलेली असत. त्या ताइताचे नाव हौलदिली. शाहजहानसाठी हिजरी १०४१ मध्ये घडवलेली अशी एक चकती दोह्याच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. मुमताजमहल बुऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये वारली आणि हिजरी १०४१ त्यानंतर सहा आठवड्यांनी सुरू झाले. तो ताईत कोणत्या दिवसांतला आहे, हे एवढ्यावरून कळते.

दगडाला दुखण्याचे नाव मिळाले, ही गोष्ट इथे संपत नाही. खुद्द ‘जेड’ या शब्दाच्या पोटातही दुखणेच आहे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मध्य अमेरिकेत पोचले, तेव्हा तिथली माणसे एक हिरवा दगड सोन्यापेक्षा मोलाचा मानत होती. हा दगड कुशीला लावला की तिथले दुखणे थांबते, असे स्पॅनिशांनी ऐकले आणि त्याला ‘पिएद्रा दे इहादा’ म्हणू लागले. ‘इहादा’ म्हणजे बरगड्या आणि कंबर यांमधली बाजू, आपली कूस. म्हणजे हा झाला ‘कुशीचा खडा’. सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी नव्या जगातल्या औषधांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. हा शब्द फ्रेंचमध्ये गेला तो ‘लेजाद’ होऊन. त्यातला पहिला ‘ल’ हे फ्रेंच उपपद. ऐकणाऱ्यांनी तोडायच्या जागी न तोडता भलतीकडे तोडले आणि ‘एजाद’चा ‘जाद’ झाला. आपल्या नारिंगाचेही असेच झाले. युरोपात गेल्यावर त्याचा ‘न’ आधीच्या उपपदाने गिळला आणि ‘ऑरेंज’ उरले.

त्याच स्पॅनिश नावाचे विद्वानांनी लॅटिन केले, ‘लापिस नेफ्रिटिकस’. ग्रीक ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडाच्या डॉक्टरला आपण नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतो तो याच धातूवरून. मुतखड्यावर उपाय म्हणून खडा, असा तो हिशेब होता. या लॅटिन नावातून ‘नेफ्राइट’ हा शब्द आला.

एकाच दुखण्यातून जेड आणि नेफ्राइट अशी दोन नावे निघाली. दगड मात्र खरोखरच दोन होते, आणि ते कळायला १८६३ साल उजाडावे लागले. फ्रेंच रसायनतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी पृथक्करण करून दाखवले की जेड म्हणून जे विकले जाते त्यात दोन वेगळी खनिजे आहेत. एकाचे नाव नेफ्राइट राहिले, दुसऱ्याला त्यांनी जेडाइट म्हटले. मध्य अमेरिकेतला मूळ कुशीचा खडा होता तो जेडाइट. पण मूत्रपिंडाचे नाव चिकटले ते दुसऱ्याच दगडाला, ज्याचे चीनमध्ये हजारो वर्षे कोरीवकाम होत आले त्याला.

मोगलांचा जेड म्हणजे हाच नेफ्राइट. तो येई मध्य आशियातल्या खोतानहून. तिथल्या दोन नद्यांची नावेच युरुंगकाश आणि काराकाश, तुर्कीत पांढरा जेड आणि काळा जेड. फारसीत त्याला ‘यश्म’ किंवा ‘यश्ब’ म्हणत. युनानी औषधांत आजही ‘संग-ए-यशब’ आहे तो याच नावाने. हे नाव ग्रीक ‘इयास्पिस’च्या गोत्रातले, आणि त्याच गोत्रातला इंग्रजी ‘जॅस्पर’ हा गारगोटीच्या जातीचा, अगदी निराळा दगड. म्हणजे इथेही एक नाव दोन दगडांच्या गळ्यात आहे.

आपल्या घरातला ‘मरगज’ घ्या. संस्कृत ‘मरकत’, प्राकृत ‘मरगय’, पुढे मरगज. मुळात हा पाचूचा शब्द. आज ग्रहांचे खडे विकणारे पाचूला पर्याय म्हणून जो स्वस्त हिरवा दगड देतात, त्याला मरगज म्हणतात आणि खाली ‘जेड’ असे लिहितात. एका थोर शब्दाची अशी उतरण लागलेली पाहून वाईट वाटते.

बाजारातली बाकीची नावेही तपासा. ‘इंडियन जेड’ म्हणजे अव्हेंच्युरिन, चमचमती हिरवी गारगोटी. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. ‘ट्रान्सव्हाल जेड’ हा गार्नेटच्या कुळातला. ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट. अव्हेंच्युरिनची कथा तर विलक्षण आहे. इटालियन ‘आ व्हेंतुरा’ म्हणजे योगायोगाने. व्हेनिसजवळच्या मुरानोत एका चमकत्या काचेला हे नाव आधी पडले आणि तसा दिसणारा दगड नंतर त्या नावाने ओळखला जाऊ लागला. काचेचे नाव दगडाला आणि त्या दगडाला पुन्हा जेडचे नाव!

मग ओळखायचे कसे? नाव बाजूला ठेवून दगडालाच विचारायचे. काचेवर ओरखडा उठला म्हणजे जेड खरा, असे दुकानात सांगतात. ते मानू नका. गारगोटीचा कठीणपणा ७, जेडाइटचा ६.५ ते ७, नेफ्राइटचा ६ ते ६.५, काचेवर तिघेही ओरखडा काढतात. त्यापेक्षा सापेक्ष घनता जास्त खरे बोलते. कोंदणात न बसवलेला ३० ग्रॅमचा खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. जेडाइट सुमारे २१ ग्रॅम भरेल, नेफ्राइट जवळपास २०, अव्हेंच्युरिन १८.७ आणि सर्पेंटाइन त्याहून थोडा कमी. ट्रान्सव्हालवाला मात्र जेडाइटच्या आसपासच भरतो. त्याला पकडायला अपवर्तनांक पाहावा लागतो, जेडाइटचा १.६६ तर त्याचा १.७२. भिंगाखाली बारीक चिरांमध्ये रंग साचलेला दिसला तर खडा रंगवलेला आहे. अस्सल जेडाइटही आम्लात धुऊन, आत राळेसारखे द्रव्य भरून विकला जातो. ते साध्या डोळ्याला कळत नाही, प्रयोगशाळेतल्या अवरक्त किरणांच्या तपासणीत कळते.

या शब्दांचा माग काढताना मला एक गोष्ट पटली. ‘जेड’ हा शब्द दगडाचा गुण सांगायला जन्मलाच नव्हता. तो जन्मला माणसाच्या वेदनेतून, घडला ऐकण्यातल्या चुकीतून आणि दोन दगडांना मिळून एकच पडला. अशा शब्दावर पैसे मोजू नयेत. जेड घ्यायचा असेल तर पावतीवर आणि प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ‘जेडाइट’ किंवा ‘नेफ्राइट’ यांपैकी एक नाव लिहून मागा, आणि खड्यावर काही प्रक्रिया झाली आहे का, तेही लिहून घ्या. जेडच्या आधी एखाद्या देशाचे किंवा प्रांताचे नाव जोडलेले दिसले, तर ते खनिजाचे नाव आहे असे समजू नका. आणि विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल, तर खडा तिथेच ठेवून या.