दोन हातांची विद्या

अ‍ॅमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर होय. अंधारात पाय घसरून पाण्यात पडणाऱ्यांची तेथे वाण नसे, आणि बाहेर काढलेल्या निश्चेष्ट देहास मृत समजून सोडून देण्याची रूढीही जुनीच होती. १७६७ साली तेथील काही नागरिकांनी या रूढीविरुद्ध एक संस्था काढली. बुडालेल्यास शुद्धीवर आणण्याचे उपाय तिने छापून वाटले व जो यत्न करील त्यास बक्षीस ठेविले. ते उपाय आज वाचताना हसू आवरत नाही. अंगास ऊब द्यावी, तोंडाने किंवा भात्याने श्वास भरावा, येथवर ठीक; परंतु गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडावा, हेही त्यांत होते! तथापि हे उपाय वैद्यापुरते राखून न ठेवता वाटेवरच्या कोणाही माणसाच्या हाती देण्यात आले, हे त्या काळी थोडे धाडस नव्हते. १७७४ साली लंडनने तोच कित्ता गिरविला.

पुढे मात्र ही विद्या आडवाटेस लागली. तोंडाने श्वास देणे किळसवाणे वाटू लागले. १८५८ साली सिल्व्हेस्टरने हात वरखाली करण्याची, १९०३ साली शेफरने पालथे निजवून पाठ दाबण्याची, तर १९३२ साली होल्गर नील्सन याने या दोहोंच्या मिलाफाची रीत सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले त्या रीती घोकीत राहिली. फुप्फुसात हवा मात्र बेताचीच जाई. थांबलेल्या हृदयाविषयी तर छाती फाडून ते हातात धरल्यावाचून गत्यंतर नाही, अशी शल्यविशारदांची समजूत होती. गटिंगेन येथील मास नावाच्या डॉक्टराने छाती बाहेरून दाबून रुग्ण वाचविल्याचे १८९२ साली प्रसिद्ध केले होते. पण त्या लेखाकडे कोणी वळून पाहिले नाही.

ही वाट पुन्हा सापडली ती बाल्टिमोर येथे, आणि तीही एका विद्युत्‌-अभियंत्याच्या प्रयोगशाळेत. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे धक्क्याने मरत. त्यांच्या हृदयाचे स्नायू एकजुटीने आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात व रक्त जागचे हलत नाही. विजेनेच ही थरथर सुरू होते आणि अधिक जोराच्या विजेनेच ती थांबते, हे जिनिव्हाच्या प्रेव्हो व बातेली यांनी १८९९ साली कुत्र्यांवर दाखविले होते. हाच धक्का छाती न उघडता देता यावा, यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक कूवेनहोवेन खटपट करीत होते. १९५८ साली त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर याच्या ध्यानी एक गोष्ट आली. धातूची जड तबके कुत्र्याच्या छातीवर दाबून धरताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित वर चढे. म्हणजे निव्वळ दाबानेही रक्त पुढे सरकत होते! शल्यविशारद ज्यूड यांच्या साह्याने ही रीत माणसांवर योजण्यात आली. १९६० साली त्यांनी २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील १४ जगले होते. या कामास दोन हातांखेरीज काही लागत नाही, हा त्या निबंधाचा आशय. त्याच शहरात पीटर साफर याने औषधाने श्वास थांबविलेल्या स्वयंसेवकांवर, बिनवैद्यकी माणसांकरवी, मुखश्वास हाच पाठ दाबण्याहून सरस असल्याचे सिद्ध केले होते. दोन्ही रीती जोडल्या गेल्या आणि सी.पी.आर. जन्मास आले. नॉर्वेतील खेळणी करणारे आस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी एक बाहुली केली. सीन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून जो मुखवटा प्रसिद्ध आहे, त्यावरून तिचा चेहरा घेतला होता.

येथे वाचकास वाटेल की, आता ही विद्या घरोघर गेली असेल. तसे घडले नाही. १९६६ साली अमेरिकेतील अधिकारी मंडळाने छातीदाबाचे शिक्षण डॉक्टर, परिचारिका व तत्सम व्यावसायिकांपुरतेच शिफारशिले. अडाण्याच्या हातून बरगड्या मोडतील, ही भीती अगदीच निराधार नव्हती. बरगड्या आजही मोडतात. परंतु ज्याचे हृदय थांबले त्याला बरगडीची काय मातब्बरी! काहीच न केल्यास मिनिटागणिक जगण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने घटते, आणि माणूस कोसळतो तो बहुधा घरात, आप्तांच्या देखत. सिअ‍ॅटल शहरात डॉक्टर कॉब यांनी अग्निशामक दलाच्या साह्याने सामान्य नागरिकांस शिकविण्यास आरंभ केला. सर्वसाधारण जनतेस हे शिकवावे, अशी शिफारस १९७४ साली झाली. निबंध आणि ही शिफारस यांत १४ वर्षे गेली.

यंत्राची कथाही अशीच. १९६६ साली बेलफास्टच्या पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत ठेविलेला डीफिब्रिलेटर सुमारे ७० किलो वजनाचा होता व तो चालविण्यास डॉक्टर लागे. आज तो हातात नेण्याजोगी पेटी झाला आहे. पेटी उघडताच ती बोलून पट्ट्या कोठे चिकटवाव्या ते सांगते, हृदयाची गती स्वतः पारखते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून, मिनिटास १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर खचेल इतके दाबीत राहावयाचे असते. मुखश्वास देणे न जमल्यास नुसते दाबावे.

१९९९ साली शिकागोच्या तीन विमानतळांवर अशा पेट्या भिंतीवर उघड्या ठेवण्यात आल्या. दोन वर्षांत तेथे हृदय थरथरून कोसळलेल्या १८ जणांपैकी ११ जण पुन्हा सजीव झाले. त्यांपैकी सहांना ज्यांनी वाचविले, त्यांना ते यंत्र चालविण्याचे कसलेही शिक्षण नव्हते. त्यांतील तिघे वैद्यकाचे पदवीधर होते, बाकीचे नुसते वाटेने जाणारे.